झाडांचं सोड, गवताकडे बघ

नमस्कार ताई,

मी न्यू जर्सीत पार्सिपनीला राहते. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी करते आणि शनिवार-रविवार कॅमेरा घेऊन भटकते. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी माझ्या मावसबहिणीचं लग्न आहे. नवरामुलगा अमेरिकन. त्याचे आईवडील जवळच्याच एका कंट्री क्लबचे सभासद आहेत, म्हणून लग्न तिथेच. सकाळी क्लबहाउसमागच्या हिरवळीवर आपल्या पद्धतीने, मुहूर्त ११ वाजून २० मिनिटांचा. संध्याकाळी आतल्या हॉलमध्ये रिसेप्शन. माणसं १८०. आजी म्हणाली, चातुर्मासात कसलं लग्न? पण क्लबाकडे तेवढाच शनिवार मोकळा होता.

फोटोग्राफरने सांगितलेला आकडा ऐकून मावशी म्हणाली, ‘घरची फोटोग्राफर असताना बाहेरचा कशाला?’ मला ती २,००० डॉलर देते म्हणाली आहे. बहिणीला मागे लाल-केशरी झाडं हवीत. फोनमध्ये तिने तसे पन्नासेक फोटो साठवून ठेवलेत. गेल्या वर्षी त्याच आठवड्यात मी त्या क्लबवर गेले होते, सगळं हिरवंगार होतं! माझ्याकडे सोनीचा ए-सेव्हन-थ्री कॅमेरा आहे, २८-७५ आणि ८५ मिलिमीटर अशा दोन लेन्स, एक फ्लॅश. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. झाडांचं काय करू? पैसे घेऊ का? आणि लग्नात साडी नेसू की पँट घालू? हसू नका, खरंच अडलंय.

— घरची फोटोग्राफर

अगं घरच्या फोटोग्राफर,

हसले नाही. तिन्हींतला साडीचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, पण त्याचं उत्तर शेवटी देते, नाहीतर बाकीचं तू वाचणार नाहीस.

आधी झाडं. बहिणीच्या फोनमधले फोटो बहुतेक व्हरमाँट नाहीतर न्यू हॅम्पशायरचे असतील. तिकडे उत्तरेला सप्टेंबर संपता-संपता डोंगर पेटल्यासारखे दिसतात. तुमच्या उत्तर जर्सीत तो बहर ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतो आणि ओक तर त्याहून आळशी. दिवस लहान व्हायला लागले की पानातला हिरवा रंग विरतो आणि खालचा पिवळा, जो आधीपासून तिथेच असतो, तो वर येतो. लाल रंग मात्र झाडाला नव्याने तयार करावा लागतो. त्याला दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा हवा. लग्नाची तारीख त्याला कळवून उपयोग नाही. बहिणीला हे आजच सांगून टाक. लग्नाच्या सकाळी कळलं तर तो तुझा दोष ठरेल.

पण ‘काहीच नाही’ असंही नसतं. त्या आठवड्यात दोन-तीन झाडं हमखास घाई करतात. पाणथळ जागेतला रेड मेपल, टुपेलो नावाचं काळपट खोडाचं झाड आणि कुंपणाकडेचा सुमाक. क्लबवर जिथे तळं असेल त्याच्या काठाने एक फेरी मार. एखादी फांदी लाल झालेली सापडेल. ८५ची लेन्स मोठ्या छिद्रावर (अ‍ॅपर्चरवर) ठेवून ती एक फांदी वधूवरांच्या मागे धरली की चौकटभर शरद ऋतू दिसतो, बाकीचं रान हिरवं असलं तरी. गोल्फच्या मैदानाकडेला जे न कापलेलं गवत असतं, त्यात याच दिवसांत गोल्डनरॉड फुललेला असतो आणि जांभळे अ‍ॅस्टर. गणपतीनंतर सह्याद्रीच्या पठारांवर सोनकी पिवळी होते, ती बघितली असशील तर तुला पटकन ओळखीचं वाटेल. दोन्ही एकाच कुळातल्या. त्या गोल्डनरॉडमधला फोटो तुझ्या बहिणीला मेपलपेक्षा जास्त शोभेल असं माझं मत. आजीला तर नक्कीच आवडेल.

एक मात्र सांभाळ. सगळ्यात आधी आणि सगळ्यात सुंदर लाल होते ती पॉयझन आयव्ही. झाडांच्या बुंध्यावर चढलेली, दगडी कुंपणावर पसरलेली. तीन पानं एकत्र, थेट बेलाच्या पानासारखी. बेल म्हणून हात जोडू नकोस, लांब राहा. तिच्या तेलाने अंगावर फोड येतात आणि ते तेल कपड्याला चिकटून राहतं. शालूचा काठ त्यात घासला तर तो शालू हाताळणाऱ्या प्रत्येकीला प्रसाद मिळेल.

आता खरी गोष्ट. तुला काळजी आहे लाल रंग नसल्याची. मला काळजी आहे हिरवा असल्याची.

बाराएक वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियातल्या एका क्लबवर मी अशाच भर दुपारच्या लग्नाचे फोटो काढले. हिरवळ इतकी सुरेख की मीच खूश. आल्बम घेऊन घरी गेले तेव्हा नवरीच्या आजीने चष्मा लावला, आपला फोटो जवळ धरला आणि विचारलं, ‘माझ्या हनुवटीला शेवाळ कधी लागलं गं?’ लागलंच होतं. तिच्या एकटीच्या नव्हे, सगळ्यांच्या हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूला, पांढऱ्या उपरण्यांच्या घड्यांत. उन्हात हिरवळ आरशासारखी वागते. खालून हिरवा उजेड फेकते. आपल्याकडे मांडवाखाली माती असते, शहाबादी फरशी असते नाहीतर जाजम, त्यांचा उजेड असा हिरवा नसतो. पुण्यातल्या लॉन्सवरसुद्धा स्टेजखाली काहीतरी अंथरलेलं असतं. त्यामुळे हा त्रास आपल्या डोळ्यांना सवयीचा नाही. डोळ्यांना तो जागेवर दिसतही नाही, कारण मेंदू परस्पर दुरुस्ती करतो. कॅमेरा करत नाही. आणि हळद लागलेल्या अंगावर तो हिरवा आणखी वाईट दिसतो.

नंतर संगणकावर काढू म्हणशील, तर चेहऱ्याचा हिरवा काढताना हिरवा चुडाही फिका पडतो. म्हणून उपाय आधीच करायचा आणि तो फोटोग्राफरच्या नव्हे, मंडपवाल्याच्या हातात आहे. त्याला या आठवड्यात फोन कर आणि विचार की मंडपाखाली आणि समोर काय अंथरणार? तो लाल कार्पेट म्हणेल. लाल नको, मग हनुवट्या लाल. मोतिया किंवा फिकट बदामी रंगाचं सांग, आणि मंडपाच्या पुढे निदान आठ-दहा फूट येईल एवढं. नसेलच त्याच्याकडे तर घरातल्या चार पांढऱ्या चादरी ने आणि पहिल्या रांगेच्या पुढे पसर. लोकांना वाटेल पायघड्या आहेत. तुझा हिरवा गेला, आणि वर खालून छान पांढरा उजेड आला, जो एरवी विकत आणावा लागतो.

दुसरा प्रश्न त्याला विचार तो मंडपाच्या छताचा. मरून किंवा राणी रंगाचं कापड वर ताणलं की त्यातून गाळून आलेला उजेड सगळ्यांना तापाने फणफणल्यासारखे करतो. वर पांढरं, रंगाची हौस बाजूंना. झेंडूच्या माळा, केळीचे खांब, काय हवं ते खांबांवर.

तिसरं, दिशा. गुरुजींना पूर्व हवी असणार. त्या तारखेला तुमच्याकडे सूर्य पावणेसातला उगवतो आणि पावणेसातलाच मावळतो. माध्यान्ह बाराला नसून पाऊण वाजता, कारण घड्याळं तासभर पुढे केलेली. म्हणजे तुमच्या मुहूर्ताला सूर्य अजून डोक्यावर आलेला नसेल. दक्षिण आणि आग्नेयेच्या मधोमध, क्षितिजापासून साधारण ४३ अंशांवर. तिथे तो सप्टेंबरअखेर भर दुपारीही ४७-४८ अंशांपलीकडे चढत नाही. पुण्यात याच दिवसांत ७०च्या आसपास चढतो. पुण्यात छत ऊन अडवतं. तुमच्याकडे ऊन छताखालून, दक्षिणेच्या बाजूने तिरपं आत शिरणार. पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या दोघांचा उजवा गाल पांढराफटक आणि डावा अंधारात. मंडपवाल्याला सांग की दक्षिणेच्या बाजूला पातळ पांढरा पडदा हवा, जाळीसारखा, पूर्ण उंचीचा. तेच ऊन त्या पडद्यावर पडून मऊ होऊन आत येतं. मग फ्लॅशची गरजच नाही. आदल्या दिवशी बरोबर ११ वाजून २० मिनिटांनी तिथे जाऊन उभी राहा, भावाला पाटावर बसव आणि बघ. पाऊस असला तर? अटलांटिकची वादळं नोव्हेंबर संपेपर्यंत चालतात, तेव्हा हॉलमधली जागाही बघून ठेव. आणि तिथे होम करू देतात का ते क्लबाला आताच विचार. छताला धूरसूचक यंत्रं असली की बरेच क्लब आत ज्वाळा चालू देत नाहीत. तसं असेल तर लाजाहोम बाहेर व्हरांड्यात, आणि पावसाच्या मागे तो धूर, काय फोटो येतील!

आता शालू. तुमचा कॅमेरा लाल रंगाने फसतो. पूर्ण चित्राचा उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) ठीक दिसतो, पण एकट्या लालची सीमा ओलांडलेली असते आणि मग जरीकाम, बुट्टे, चुण्या सगळं मिळून एक सपाट लाल डाग उरतो. फोटो परत बघताना डिस्प्लेचं बटण दाबत गेलीस की लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे आलेख दिसतात. त्यातला लाल उजव्या भिंतीला टेकत असला तर उजेड अर्धा-पाऊण स्टॉप (उजेड मोजायचं माप) कमी कर. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढ, चेहरा नंतर उजळता येतो, गेलेलं जरीकाम परत येत नाही. जरीवर समोरून फ्लॅश तर मारूच नकोस. आणि मागचा रंग निवडताना एवढंच बघ की लाल शालूमागे ती लाल फांदी नको, गर्द हिरवा पाइन हवा. ती फांदी अष्टपुत्रीसाठी राखून ठेव. पिवळ्या अष्टपुत्रीला गोल्डनरॉडमध्ये उभी केलीस तर नवरी हरवेल, तिथे संध्याकाळचा निळा-जांभळा पोशाख ने. पत्रात तू लिहिलं नाहीस, पण नवऱ्याकडच्या मुली विटकरी रंगाचे झगे घालणार असतील, सप्टेंबरमध्ये तिकडे तेच चालतं. त्यांना शालूच्या अगदी शेजारी उभं करू नकोस, मध्ये कोणी मोतिया कुर्तेवाला घाल.

आता पैशांचं, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे. घेऊ नकोस. एच-वन-बीवर तुला ज्या कंपनीने आणलं तिच्यासाठीच काम करता येतं. शनिवारी केलं, रोखीत घेतलं, मावशीने दिलं, तरी मोबदला घेऊन केलेलं काम ते कामच. ‘भेट म्हणून देते’ ही युक्ती मावशीला सुचेल. कामाचीच भेट असेल तर तिला भेट म्हणवून भागत नाही. शंका असेल तर कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला विचार, मला नको. ग्रीन कार्डाच्या फायलीत २,००० डॉलरसाठी डाग कशाला?

पण ते २,००० डॉलर वाया घालवायचे नाहीत. मावशीला म्हणावं, ते सकाळच्या तीन-चार तासांसाठी बाहेरच्या माणसाला दे. कारण तू एक गोष्ट विसरलीस. तू मावसबहीण आहेस म्हणजे करवली आहेस. मंगलाष्टकं चालू झाली की नवरीच्या मागे कऱ्हा-दिवा घेऊन कोणाला उभं करतील? तेव्हा कॅमेरा कोण धरणार, आजी? आणखी एक. असे क्लब बाहेरून येणाऱ्या फोटोग्राफरकडे विम्याचं प्रमाणपत्र मागतात, साधारण १० लाख डॉलरच्या जबाबदारीचं. धंदेवाल्याकडे ते असतं, तुझ्याकडे नसणार. कोणाच्या पायात तुझ्या स्टँडची वायर अडकली तर विहीणबाई काय म्हणतील ते सोड, क्लबाचा वकील काय म्हणेल ते बघ. ड्रोनचाही नाद नको. पैसे न घेता दुसऱ्यासाठी उडवलेला ड्रोनही तिथली विमान यंत्रणा निव्वळ हौस मानत नाही, आणि मॉरिसटाउनचा विमानतळ जवळच आहे.

सकाळसाठी येणारा माणूस बहुतेक अमेरिकन असेल. तो चुंबनाची वाट बघत उभा राहील आणि अंतरपाट निघून जाईल. त्याला बसवून समजव. दोघं समोरासमोर उभी राहतात, मध्ये पडदा. त्याने पडद्याच्या कडेच्या रेषेत उभं राहायचं, म्हणजे दोन्ही चेहरे दिसतील. नवऱ्याच्या पाठीमागे नाही. पडदा कोणत्या बाजूला ओढणार ते गुरुजींना आधी विचारून घे, नाहीतर ओढणारे काका बरोबर त्याच्या लेन्ससमोर येतील. दर मंगलाष्टकाच्या शेवटी ‘सावधान’वर अक्षता पडतात, तो त्याचा सराव. शेवटी गुरुजी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू करतील. हा शब्द त्याच्या तळहातावर लिहून दे, त-दे-व. तो ऐकू आला की बोट बटणावर, पापणी लवू द्यायची नाही. नंतर वाजंत्री, टाळ्या आणि दीडशे मोबाइल वर जातात. पहिल्या दोन रांगांना मुहूर्तापुरते मोबाइल खाली ठेवा म्हणून मुलीच्या वडिलांनीच माइकवर सांगावं, तू सांगितलंस तर कोणी ऐकणार नाही.

अक्षतांचंही क्लबाला विचार. गवतावर तांदूळ नको म्हणणारे पुष्कळ. तेव्हा झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या. फोटोच्या दृष्टीने त्या बऱ्याच. तांदूळ धपकन खाली जातो, हजाराच्या शटरनेही, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागातही, कण दिसले तर दिसले. पाकळी हवेत रेंगाळते, पाचशेच्या शटरलाही चेहऱ्यासमोर लटकलेली सापडते.

मग तुझं काय उरलं? सगळं चांगलं उरलं. सकाळी नवरीच्या खोलीतलं. मुंडावळ्या बांधताना आईचे हात, नथ घालताना ओठ मुडपलेले, गौरीहरापाशी बसलेली ती एकटी. तिथे तुला कोणी ‘फोटोग्राफर आला’ म्हणून सावरून बसत नाही. खिडकीजवळ बसव, खोलीतले पिवळे दिवे बंद कर, एवढंच. बाहेरच्या माणसाला हे फोटो कधी मिळत नाहीत, दुप्पट पैसे दिले तरी.

आणि संध्याकाळ. तिथे तुझी खरी परीक्षा. सूर्य पावणेसातला मावळेल. त्या अक्षांशावर तो तिरपा उतरतो, म्हणून सोनेरी ऊन पुण्यापेक्षा जास्त वेळ टिकतं. सहा अंशांवरून क्षितिजाला टेकायला अर्धा तास तरी घेतो. सहा ते पावणेसात हा वेळ नवरा-नवरीचा, बाकी कोणाचा नाही. पण त्याच वेळी क्लबाचा कॉकटेल अवर असतो आणि आपल्याकडचे सगळे आत्या-काका त्याच वेळी नमस्कार घ्यायला रांग लावतात. एक दांडगा चुलतभाऊ नेम. सहाला पाच कमी असताना त्याने दोघांना उचलायचं आणि पावणेसातला परत आणून सोडायचं. तालीम तुझ्या तारखेच्या आठवडाभर आधी करणार असशील तर लक्षात ठेव, त्या दिवसांत सूर्यास्त रोज दीडेक मिनिटाने अलीकडे येतो.

मैदानावर जायचं तर क्लबाच्या समारंभ बघणाऱ्या बाईंना आधीच विचार की कोणत्या भागात, किती वाजता आणि गाडी कोण चालवणार. सभासद शनिवारी खेळणारच, लग्न असो वा नसो. ‘फोर’ अशी आरोळी आली की वर बघायचं नाही, डोकं झाकून खाली वाकायचं. वर बघण्याची आपली सवय क्रिकेटची. झेंडा असलेल्या त्या गुळगुळीत वर्तुळावर तर कोणालाच नेऊ नकोस. तिथलं गवत काही मिलिमीटरचं असतं आणि नवरीची टाच म्हणजे त्यात खिळा. मी एकदा नेलं होतं. गवत राखणारा माणूस गाडी घेऊन आला, काही बोलला नाही, नुसता त्या सहा भोकांकडे बघत उभा राहिला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. शिवाय याच दिवसांत बऱ्याच ठिकाणी त्या हिरवळीला मुद्दाम भोकं पाडून वर वाळू पसरतात, मुळांना हवा मिळावी म्हणून. फोटोत ती देवी आल्यासारखी दिसते. आधी जाऊन बघून ये.

घरच्यांच्या गटांचे फोटो हिरवळीवर नकोतच. क्लबहाउसला उत्तरेकडचा व्हरांडा किंवा दगडी पायऱ्या असतील तिथे. सावली, आणि खाली दगड. पंधरापेक्षा जास्त गट करू नकोस. एकेकाला तीन मिनिटं धरली तरी पाऊण तास गेला आणि पंगत थांबली. नावं पुकारायला आवाजाची आत्या घे आणि पहिला मान मामाचा, नाहीतर पुढची दहा वर्षं ऐकशील. मिठाईचं ताट शेजारी ठेवू नका. सप्टेंबरच्या शेवटी तिथल्या पिवळ्या गांधीलमाश्या गोडासाठी वेड्या झालेल्या असतात, आणि पेढा भरवतानाच्या फोटोत नवरदेव किंचाळतो तो उगाच नाही.

रिसेप्शनबद्दल फार सांगत नाही. डीजेला सांग की भाषणांच्या वेळी भिंतीवरचे जांभळे दिवे बंद करून साधे पिवळसर पांढरे लाव. जांभळ्यात सगळे घुसमटल्यासारखे दिसतात आणि तो रंग नंतर कोणाच्या बापाला निघत नाही. शांत शटर वापरू नकोस, दिव्यांचे आडवे पट्टे येतात. कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर शूट चालू ठेव, पण ते विजेच्या मेनच्या फडफडीलाच पकडतं, डीजेच्या दिव्यांना नाही. तिथे शटर साठ ते एकशे पंचवीसमध्ये खेळवून बघ. जुन्या क्लबांची छतं लाकडी असतात. त्यावर फ्लॅश उडवलास तर सगळे चहात बुडवलेले दिसतील. फ्लॅशमागे पांढरा पुठ्ठा लाव. कॅमेऱ्यातल्या दोन्ही मेमरी कार्डांवर एकदमच लिहायला लाव आणि दुसरा कॅमेरा शुक्रवारी भाड्याने आण. पहिला बंद पडेलच असं नाही, पण पडला तर तो केक कापतानाच पडतो.

आता साडी. पँट घालून करवली उभी राहिली तर मावशी काही बोलणार नाही, आणि तेच जास्त त्रासाचं असतं. पाचवारी नेसलीस तर खाली बसून फोटो काढताना निऱ्यांवर पाय पडेल. नऊवारी नेस. शिवलेली, कासोट्याची. बायकांनी ती नेसून शेतं लावली, घोडे दामटले, तुला तर फक्त उकिडवं बसायचंय. शिंपिणीला सांगून कमरेला आतून दोन खिसे शिवून घे, एक कार्डांचा, एक बॅटरीचा. पायात बूट घाल, सकाळच्या दवाने ती हिरवळ अकरापर्यंत ओली असते. पदर घट्ट खोच, तो पुढे आला की थेट लेन्सवर येतो. बांगड्या मात्र पर्समध्ये ठेव. हिरवा चुडा नवरीचा, तुझ्या हातातल्या बांगड्यांचा आवाज मंगलाष्टकांच्या रेकॉर्डिंगमध्ये येतो.